तिनं न नेलेलं पुस्तक

माणूस बघून पुस्तक देण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, मी तसं चारचौघांत सांगतही असे.

पौडच्या पुढे, मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी वाचनालय सांभाळते. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक लांबट खोली, सात कपाटं, दोन बाकं आणि माझं टेबल. सकाळी पुरुष वर्तमानपत्रं वाचायला येतात, दुपारनंतर शाळेतली मुलं आणि बायका. पावसाळ्यात पुस्तकं फुगतात, कपाटांची दारं लागत नाहीत, आणि मी डांबरगोळ्यांच्या वासात दिवस काढते. ग्रंथपाल मी, शिपाई मी, झाडूवालीही मीच.

मुलांना पुस्तक कसं द्यायचं, हे मला बरोबर जमतं. "हे नको घेऊस, हे मोठ्यांचं आहे," असं म्हणून पुस्तक टेबलाच्या कडेला सारून ठेवायचं, की पंधरा मिनिटांत ते गेलंच समजा. मोठ्यांचं तंत्र वेगळं. मेंढरं राखणारे एक आजोबा नुसतेच दारात टेकायला यायचे, त्यांना मी जनावरांच्या आजारांचं पुस्तक शोधून दिलं. ते त्यांनी वर्षभर परत केलं नाही आणि मीही मागितलं नाही. शनिवार-रविवारी फार्महाउसवर येणारे निवृत्त साहेब "काहीतरी दर्जेदार द्या" म्हणतात. त्यांना मी सगळ्यात जाड पुस्तक देते, कारण त्यांना ते वाचायला नको असतं, टेबलावर दिसायला हवं असतं. अशी माझी शेखी. आता हे लिहितानाही ती डोकं वर काढतेय, यावरून माझा स्वभाव कळावा.

या सगळ्या वाचकांत माझी सगळ्यात लाडकी होती एक बाई. वय पस्तिशीचं, दहावी शिकलेली, सकाळी रस्त्यावरच्या रिसॉर्टमध्ये भाकऱ्या करायला जायची. माहेर आणि सासर दोन्ही याच गावातलं. वरच्या आळीत माहेर, खालच्या आळीत सासर, मधे आमचं वाचनालय. दुपारी काम आटोपलं की ती पुस्तक बदलायला यायची आणि तशीच वर माहेरी जायची. तिच्या आईच्या दोन्ही डोळ्यांचं काम जवळजवळ संपलेलं. लेक रोज तासभर आईला पुस्तक वाचून दाखवायची.

"मॅडम, तुमीच द्या कायतरी," ती म्हणायची. "रडकं नको. आईला झेपत न्हाई, मग रातभर झोपत न्हाई ती."

मी देत असे. कुठलं पुस्तक मोठ्यानं वाचायला बरं, कुठल्यातली वाक्यं जिभेवर अडखळत नाहीत, याचा मी तिच्यासाठी विचार करायला लागले होते. दुसऱ्या दिवशी येऊन ती सांगायची, आई कुठे हसली, कुठे "थांब, ते परत वाच" म्हणाली. मला या नोकरीत मिळालेलं खरं सुख एवढंच, असं म्हटलं तरी चालेल.

तिचा थोरला भाऊ आमच्या वाचनालयाचा सचिव. आई त्याच्याच घरात राहते. माणूस वाईट नाही. वाचनालयाचं छप्पर गळायला लागलं तेव्हा स्वतः पत्र्यावर चढला होता. पण सगळ्या कागदांवर त्याची सही लागते, आणि दर वर्षी माझी नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही, हेही त्याच्याच सहीनं ठरतं. हे मी कारण म्हणून सांगतेय. निमित्त म्हणून नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं.

एका दुपारी ती आली ती कपाटाकडे गेलीच नाही. टेबलासमोर उभी राहिली आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, "मॅडम, जमिनीच्या कागदांचं काय पुस्तक हाय का? म्हंजी हक्कसोड म्हंजी नेमकं काय, ते सांगणारं?"

मी विचारलं, "कशाला गं?"

"दादा म्हणतोय पुढल्या आठवड्यात पौडला यायचं, सही करायला. म्या करणारच हाय, दादाला न्हाई कशी म्हणू? पण कशावर करतीय ते कळाया नको व्हय?"

असं पुस्तक आमच्याकडे होतं. तिसऱ्या कपाटात, खालच्या फळीवर, फिक्या हिरव्या रंगाचं, शंभरेक पानांचं. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क काय, तो कसा सुटतो, सही करण्याआधी काय विचारावं, सगळं सोप्या भाषेत. मी ते तिथेच, टेबलापाशी बसून, सबंध वाचलेलं होतं. माझ्या भावाला मी अशीच सही देऊन आले, त्यानंतर. म्हणजे ते पुस्तक कधी वाचायला हवं, हे गावात जर कुणाला ठाऊक असेल तर ते मला.

"असलं काही आपल्याकडे नाही गं," मी म्हटलं.

मनातल्या मनात हिशोब झाला होता. उद्या भाऊ विचारणार, हे पुस्तक तिला कुणी दिलं? कशाला त्यांच्या घरच्या भानगडीत पडा. मग मी उठले, एक विनोदी कादंबरी काढली आणि तिच्या हातात ठेवली. "हे ने. आईला हसू येईल." तीही हसली आणि घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात सही झाली. तिनंच येऊन सांगितलं. दादानं पौडलाच साडी घेतली, परत येताना सगळ्यांना मिसळ खाऊ घातली. तिच्या बोलण्यात कुठे खंत नव्हती. मला हायसं वाटलं. झालं ते बरंच झालं, असंही वाटलं. याची लाज मला नंतर वाटली, तेव्हा नाही.

महिन्याभरानं निरोप आला की जिल्ह्याहून तपासणी येणार. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. वाचक येवोत न येवोत, पुस्तकांच्या देवघेवीचं रजिस्टर भरलेलं दिसावं लागतं. पावसात आठ-आठ दिवस कुणी फिरकत नाही, मग रजिस्टरची पानं रिकामी राहतात. ती आम्ही भरतो. सभासदांची नावं असतात, पुस्तकांचे क्रमांक असतात, तारखा आपल्या हातात. दर वर्षी करतो, कुणाचं काही बिघडत नाही. बिघडत नाही असं समजून करतो.

मी दोन दुपारी बसून पानं भरली. खोट्या नोंदी करतानाही माझी खोड जात नव्हती. दुसरी कुणी असती तर डोळे मिटून क्रमांक लिहिले असते. मी प्रत्येकाला साजेसं पुस्तक लावत होते. शाळेतल्या मास्तरांना प्रवासवर्णन, सरपंचांच्या सुनेला पाककृती, चौथीतल्या एका धिटुकल्या पोरीला मोठ्यांचं म्हणून बाजूला ठेवलेलं. एकेकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा आणि पुस्तक द्यायचं. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

तिचं नाव आलं आणि मी थांबले. मग तिच्या नावापुढे त्या हिरव्या पुस्तकाचा क्रमांक लिहिला. तारीख पडली सही होऊन गेल्यानंतरची.

का लिहिला? चुकून लिहिला, असं मी स्वतःला खूपदा सांगितलंय. चुकून नव्हता. हातानं द्यायचा धीर झाला नाही ते पुस्तक मी तिला कागदावर दिलं, आणि दिल्यावर मला चक्क बरं वाटलं. कुणाला न दुखवता, काही न करता, मी माझं मन हलकं करून घेतलं. त्या बरं वाटण्याची मला आज जितकी शरम वाटते तितकी नंतरच्या खोटेपणाचीही वाटत नाही.

तपासणीला आलेले साहेब भले गृहस्थ होते. चहा घेत घेत रजिस्टर चाळत होते. शेजारच्या खुर्चीवर सचिव, म्हणजे तिचा भाऊ. साहेबांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि कौतुकानं म्हणाले, "वा, तुमच्याकडच्या बायका जमिनीच्या हक्काची पुस्तकंही वाचतात. छान आहे."

भाऊ वाकून बघायला लागला. बराच वेळ बघत राहिला. त्याच दिवसांत पुण्याची एक पार्टी ती जमीन दोनदा बघून गेलेली होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

साहेबांना फोन आला म्हणून ते दारापर्यंत गेले. भावानं मान वर केली आणि हळू आवाजात मला विचारलं, "हे खरंच न्हेलं व्हय तिनं? का तुमीच आपलं भरलंय?"

त्यानं मला सुटायला वाट दिली होती. रजिस्टर कसं भरतात हे त्याला ठाऊक होतं. मी नुसती मान हलवली असती, "मीच भरलंय हो," एवढे तीन शब्द पुटपुटले असते तरी भागलं असतं. पण साहेब पाच पावलांवर उभे होते, आणि मला वाटलं, त्यांच्या कानावर गेलं तर?

"खरंच नेलंय," मी म्हणाले. आणि ते पटावं म्हणून वर जोडलं, "आठ दिवसांत वाचून परतही केलं."

ते वरचं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं.

तपासणी उत्तम झाली. साहेबांनी शेऱ्यात वाचकांच्या अभिरुचीचा उल्लेख केला.

तिसऱ्या दिवशी ती आली. डोळे सुजलेले, पण माझ्यावर राग असा नव्हताच. तिला वाटत होतं, माझ्या हातून काहीतरी घोटाळा झालाय आणि तो मी आता निस्तरीन.

"दादा काल दारात येऊन बोलून गेला," ती म्हणाली. "सही केलीस आन् आता मागनं कायद्याची पुस्तकं वाचतीस? कोर्टात जायाचं हाय व्हय? म्या आईची शप्पत घितली. तर म्हणला, मॅडमनी तोंडावर सांगितलं. आता माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई, आईला भेटायचं न्हाई म्हणला. मॅडम, दुसऱ्या कुणाचं नाव लिवताना माझं पडलं असंल. तुमी एकडाव दादाला सांगा. तुमचं ऐकंल त्यो."

मी रजिस्टर उघडल्यासारखं केलं. पानं उलटली. माझ्याच अक्षरातली ती ओळ माझ्याकडे बघत होती.

"रजिस्टरला नोंद आहे," मी म्हटलं. "म्हणजे नेलं असशील. तुझ्या लक्षात नसेल."

तिला ते कळायलाच वेळ लागला. मग ती म्हणाली, "कुठलं पुस्तक ते, बघू तरी."

नाही कसं म्हणणार? मी तिसऱ्या कपाटातून पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. तिनं वरचं नाव वाचलं, पहिलं पान वाचलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"हे तर म्या मागितलेलं. तुमी न्हाई म्हणला होता."

तिनं पुस्तक उलटं केलं आणि शेवटचं पान उघडलं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आम्ही एक चिठ्ठी चिकटवतो. पुस्तक दिलं की तिच्यावर तारखेचा शिक्का मारतो. इतकी वर्षं पुस्तकं नेणाऱ्या बाईला ते मी शिकवायला नको होतं. चिठ्ठी कोरी होती.

"ह्याच्यावर एकबी शिक्का न्हाई," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "हे कुणीच न्हेलं न्हाई, मॅडम. दादाला एवढं दावलं तरी बास हाय. रजिस्टरात चुकलं म्हणू. तुमचं नाव न्हाई घेत म्या."

माझं नाव न घेण्याचं ती मला वचन देत होती.

मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं. "शिक्का मारायचा राहिला असेल," असं म्हणाले. तारखेच्या शिक्क्याला लहान लहान चाकं असतात. ती मी तिच्यासमोर, एकेक करून, मागे फिरवली. रजिस्टरातली तारीख आणली, शाईच्या पॅडवर दाबली आणि कोऱ्या चिठ्ठीवर शिक्का मारला. शाई ओली होती, चकाकत होती. माझा हात थरथरला असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही थरथरला. सवयीचं काम होतं.

ती चिठ्ठीकडे बघत राहिली.

"आता न्हेऊ व्हय हे?" तिनं विचारलं. "का न्हेऊन झालंय माझं?"

मी पुस्तक तिच्याकडे सरकवलं. तिनं ते पिशवीत टाकलं आणि खालच्या आळीकडे गेली. वरच्या आळीकडे जायचा रस्ता तिला आता नव्हता.

आठ दिवसांनी पुस्तक परत आलं. टेबलावर ठेवून ती एवढंच म्हणाली, "सही करायच्या आधी वाचायचं पुस्तक हाय हे." माझा भाऊ, माझी सही, मी तेच पुस्तक उशिरा वाचलं, हे सगळं तिला सांगावं असं फार वाटलं. पण सांगून मी काय मागणार होते? तिनं माझीच कीव करावी, हे?

त्यानंतर सचिवांना सांगायचं मी कितीदा तरी ठरवलं. ते सहीला येत, मी कागद पुढे करी, ते सही करून जात. एकदा तोंड उघडलंही, तेवढ्यात वाटलं, खरं सांगितलं तर ते विचारणार, हेच पुस्तक का लावलं तिच्या नावावर? मग तिनं ते आधीच मागितलं होतं हेही सांगावं लागेल, आणि तिचीच अडचण वाढेल. हे मी स्वतःला इतक्या वेळा समजावलं की ते खरंच वाटायला लागलं. त्यात तथ्यही आहे थोडं. म्हणूनच ते इतकं सोयीचं आहे.

पुढे जमीन गेली. तिथे आता तारेचं कुंपण आहे. बहीण कोर्टात गेली नाही, जाणारही नव्हती. भावाला ते कळलं असणार, पण एकदा दारात उभं राहून बोललेलं मागे कसं घ्यायचं, हे त्याला जमलं नसावं. ते मला समजतं. मलाही जमलेलं नाही.

मधे पाच-सहा महिने ती वाचनालयात आलीच नाही. मग परवा, शाळा सुटल्यावर, तिची मुलगी आली. चौथीत आहे. दप्तर बाकावर टाकून सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, आजीला वाचून दाखवाया पुस्तक पायजे. मामा मला येऊ देतो, आईला न्हाई. आता मीच वाचती आजीला. तुमी द्या कुठलं तरी, रडकं नको."

मी उठलेसुद्धा. कुठलं द्यायचं ते माझ्या मनात तयार होतं. मोठ्या अक्षरातलं, छोट्या छोट्या वाक्यांचं, त्या म्हाताऱ्या बाईला नक्की आवडेल असं. मी कपाटाकडे वळले तेव्हा मला दाराबाहेर तिची आई दिसली. आत आली नव्हती. पायरीखाली उभी होती, कामावरून आलेली, हाताला पीठ तसंच.

"मॅडमना इचारू नगं," ती मुलीला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. कुणालाही सांगावं तसं सांगत होती. "आपलं आपण काढ. दोन पानं वाचून बघ, कळलं तर घे."

मुलीनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. मग ती कपाटापाशी जाऊन जमिनीवर मांडी घालून बसली आणि एकेक पुस्तक काढून, बोट ठेवून, अडखळत दोन दोन पानं वाचायला लागली. मी माझ्या खुर्चीत बसून ऐकत होते. दोन पुस्तकं तिनं परत ठेवली. तिसरं आजीला आवडणार नाही, हे मला माहीत होतं, पण मी खुर्चीतून उठले नाही.